जितं पाणी



डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोळंबी-शेतकऱ्यांच्या या मेळाव्यात अध्यक्षाच्या खुर्चीवर आजवर मोठमोठे संशोधक, अधिकारी आणि निर्यातदार बसले. या वेळी तुम्ही कोळंबीचं बीज काढणाऱ्या हॅचरीच्या शेवाळखोलीत काचेच्या बरण्या धुण्यापासून सुरुवात केलेल्या एका बाईला बसवलंत. त्याबद्दल मनापासून आभार मानते आणि लगेच विषयाकडे वळते.

भाव, वीजबिल, परवाने, रोगराई यांवर गेले दोन दिवस इथं पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र जे खाद्य गोणीतून येत नाही त्याबद्दल बोलायचं आहे. कोळंबी हॅचरीत आणि तलावात जे जिवंत खाते ते, म्हणजे शेवाळ, कोपेपॉडसारखे सूक्ष्म प्राणी, चिखलातले कृमी, आणि आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला इवलासा जीव. आपल्या हिशेबाच्या वहीत गोणीला रकाना असतो, या जिवांना नसतो. तो असायला हवा, असं मला वाटतं. आणि हे अन्न कुठून तरी पकडून आणायचं नसतं, ते आपल्या हातानं पिकवायचं असतं, हे आज मला तुमच्यासमोर मांडायचं आहे.

आमचं घर पेण तालुक्यातलं, खारबांधाला लागून. आजोबांची खारी जमीन होती आणि घरामागं जिताड्याचं तळं. उधाणाच्या भरतीला ते खाडीकडची उघाडी उघडत. पाण्याबरोबर कोळंबीचं बीज यायचं, बोईट यायची, नशीब असेल तर जिताड्याची पिल्लं यायची. मग उघाडी बंद. खाद्याचा एक दाणाही कुणी टाकत नसे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, ही खातात काय? त्यांनी वाकून चिखलाची मूठ उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मूठ वळवळत होती. म्हणाले, "पोरी, पानी जितं पायजे. मग त्यातला जीव जगतो."

गोव्यात खाजणातल्या मानशीवर, केरळात पोक्कळीच्या शेतात, बंगालच्या भेडींत शेकडो वर्षं लोक हेच करत आले. उत्पन्न हेक्टरी काहीशे किलोंच्या पलीकडे जात नसे, हे खरं. तिकडं परत चला, असं मी म्हणत नाही. ज्याच्या डोक्यावर तलावाचं कर्ज आहे त्याला काहीशे किलोंत संसार चालवायला सांगणं हा अन्याय आहे. पण पाणी जितं आहे की नाही हे पाहायची आजोबांची नजर त्या कमी उत्पन्नाबरोबर आपण का टाकून दिली?

मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन मी आंध्रच्या किनाऱ्यावर एका हॅचरीत लागले. तिथं माझ्याकडं शेवाळखोली आली. एका लहान कुपीत किटोसेरॉस शेवाळाचं बियाणं असायचं. कुपीतून फ्लास्कमध्ये, फ्लास्कमधून बरणीत, बरणीतून हौदात असं ते वाढवत न्यायचं. दिवे रात्रभर चालू, वातानुकूलन चालू, हवा चालू. पाण्याला चहासारखा तांबूस रंग चढला की जीव भांड्यात पडायचा. का, ते सांगते. कोळंबीचं अंडं फुटून निघालेलं नॉप्लियस काही खात नाही, अंगातल्या बलकावर दीड-दोन दिवस काढतं. सहा अवस्था उलटल्या की ते झोइया होतं आणि त्या क्षणी त्याला अन्न लागतं. समोर शेवाळाच्या पेशी तरंगत असतील तर ते जगतं. नसतील तर काही तासांत हौदाच्या तळाशी पांढरा गाळ दिसतो, आणि तो गाळ म्हणजे मेलेली पिल्लं.

चंचुपात्रात पाणी घेऊन दिव्यासमोर धरलं की पोट भरलेल्या झोइयाच्या मागं विष्ठेचा लांब दोरा लोंबताना दिसतो. तो दोरा दिसला की आमची पाळी सुखाची. दोरा तुटका किंवा नाहीच, तर त्या रात्री कुणी झोपायचं नाही. मी त्या दोऱ्याकडं पाहत तीन वर्षं काढली. कोळंबीचं सगळं शास्त्र एका बाजूला आणि तो दोरा एका बाजूला, इतकं त्यानं मला शिकवलं.

हा मार्ग ज्यानं प्रथम दाखवला त्या जपानी संशोधकाचं नाव आपल्या प्रत्येक हॅचरीच्या दारावर लिहावं असं मला वाटतं. मोतोसाकू फुजिनागा. १९३० च्या दशकात त्यांनी कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त पाण्यात उबवली, पण पिल्लं झोइयाला येऊन मरत. ती जगली ती स्केलेटोनेमा नावाचं डायटम शेवाळ वाढवून त्यांना खाऊ घातल्यावर. १९४२ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. पुढं तैवाननं वाघी कोळंबीचं बीज काढलं, अमेरिका खंडात व्हॅनामेई या जातीचं काढलं, आज भारतात अब्जावधींनी निघतं. या सगळ्याच्या मुळाशी ती तांबूस शेवाळाची बरणी आहे. कोळंबी-शेतीचा शोध म्हणजे आधी कोळंबीच्या अन्नाच्या शेतीचा शोध होता, हे आपण विसरून चाललो आहोत.

झोइया मायसिस झाली की तिला हलणारं भक्ष्य लागतं. तिथं आर्टेमिया येते. आपण ज्याला नुसतं 'डबा' म्हणतो तो आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा पुष्कळदा अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून आलेला असतो. ही अंडी कोरडी असताना वर्षानुवर्षं निद्रिस्त राहतात. खाऱ्या पाण्यात, उबेत, उजेडात आणि भरपूर हवेत ठेवली की २४ तासांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची नारिंगी पिल्लं पोहायला लागतात. १९३० च्या दशकात मत्स्यपिल्लांना ती खाऊ घालता येतात हे कळलं, आणि बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात पॅट्रिक सॉर्गेलूस यांनी आयुष्यभर तिच्यावर काम करून तिला जगभरच्या हॅचऱ्यांचं रोजचं अन्न केलं.

या अन्नाला वेळ असते. ताजं फुटलेलं पिल्लू बलकानं भरलेलं असतं. सात-आठ तास गेले, त्यानं कात टाकली, की बलक आटतो, ते आकारानं वाढतं, वेगानं पळतं, आणि कोळंबीच्या पिल्लाला पकडायला जड जातं. पहाटे चारला काढलेली आर्टेमिया दुपारी बाराला घालणं म्हणजे उतरलेलं दूध बाळाला पाजण्यासारखं आहे. शिवाय आर्टेमियात डीएचए हे मेदाम्ल नसल्यातच जमा असतं, म्हणून तिला आधी तेलाचं मिश्रण खाऊ घालून मग पिल्लांना द्यावं लागतं. समुद्रातल्या कोपेपॉडमध्ये ते जात्याच असतं. निसर्गात कोळंबीचं पिल्लू कोपेपॉड खातं, आर्टेमिया खात नाही. आपण आर्टेमिया घालतो ती डब्यात मिळते म्हणून.

इथवरचं काम हॅचरीवाले डोळ्यांत तेल घालून करतात. पुढं बीज पिशवीत भरून तुमच्या-माझ्या तलावावर येतं, आणि जिवंत अन्नाची ही साखळी तिथं एकदम तुटते.

ती कशी तुटते हे मी माझ्याच पहिल्या पिकात पाहिलं. २००९ मध्ये देशात व्हॅनामेईला परवानगी मिळाली. त्यानंतर काही वर्षांनी मी गावी परतून आजोबांच्या खारीत अर्ध्या हेक्टरचा तलाव बांधला. एका खाद्यविक्रेत्याचा सल्लागार मार्गदर्शनाला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणं पाणी जाळीच्या पिशव्यांतून गाळून घेतलं, ब्लीचिंग पावडर टाकली, खेकडा, करंदी, मासा, जे काही होतं ते मेलं. क्लोरीन उडून गेल्यावर पाणी इतकं नितळ झालं की तळ दिसावा. मला अभिमान वाटला. चौथ्या दिवशी बीज सोडलं आणि लाखाला दोन किलो या हिशेबानं खाद्याचा चुरा फेकायला लागले. महिन्यानं जाळं टाकलं. एक कोळंबी बोटाएवढी, तर दुसरी तांदळाच्या कणीहून थोडी मोठी. निम्मं बीज बेपत्ता. सल्लागार म्हणाला, बीज खराब होतं. हॅचरी म्हणाली, पाणी खराब होतं. मी दोघांचंही ऐकून घेतलं. त्या रात्री बांधावर बसले असताना माझ्या लक्षात आलं की ज्या पिल्लांना मी तीन वर्षं तासातासाला जिवंत अन्न भरवलं, त्यांच्याच बहिणींना मी रिकाम्या काचेत सोडलं होतं.

पाणी गाळणं आणि निर्जंतुक करणं चूक नव्हतं. १९९० च्या दशकाच्या मध्यात सफेद डागाच्या विषाणूनं आपला किनारा कसा धुऊन नेला, हे या सभागृहातल्या पिकल्या केसांना सांगायला नको. रोगवाहक खेकडे आणि रानटी कोळंबी बाहेर ठेवायलाच हवी. पण निर्जंतुक केलेलं पाणी म्हणजे नांगरलेलं रान. नांगरट झाली म्हणून कुणी शेतकरी लगेच पाभर धरत नाही. तो वाफशाची वाट पाहतो. जमीन हातात घेऊन, दाबून, फुटते की चिकटते ते पाहतो. पाण्यालाही वाफसा असतो, आणि तो आल्याशिवाय आपण पेरतो.

थोडा हिशेब मांडते, कारण या हिशेबानं माझे डोळे उघडले. चौरस मीटरला ६० बीज सोडलं. एका पिल्लाचं वजन साधारण ५ मिलिग्रॅम धरा. म्हणजे चौरस मीटरला ०.३ ग्रॅम, हेक्टरी फक्त ३ किलो जीव. तीन महिन्यांनी ८० टक्के जगली आणि सरासरी १६ ग्रॅमला आली, तर चौरस मीटरला साडेसातशे ग्रॅमच्या पुढं, हेक्टरी साडेसात टनांहून अधिक. एकाच तलावात पहिल्या दिवशी आणि नव्वदाव्या दिवशी खाणाऱ्यांच्या वजनात अडीच हजार पटींचं अंतर आहे. शेवटच्या महिन्यात तलावातलं जिवंत अन्न या वजनाला पुरणार नाही. तिथं गोळी खाद्याला पर्याय नाही, आणि कुणी तसा दावा करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण पहिल्या दिवशीच्या ३ किलोंना? त्यांना जित्या पाण्यातलं अन्न पुरून उरतं. पहिल्या तीन आठवड्यांत फेकलेला चुरा बहुतेक तळाशी जाऊन कुजतो. कोळंबीच्या पोटात जाण्याऐवजी तो पुढच्या अमोनियाची बेगमी करतो.

मोठ्या वयातही जिवंत अन्नाचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा असतो. १९८७ साली टेक्सासच्या संशोधकांनी कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजून एक तपास केला. गोळी खाद्यातल्या कार्बनची खूण वेगळी, तलावातल्या जिवांची वेगळी. कोळंबीचं मांस कशातून घडलं ते त्या खुणेवरून कळतं. मध्यम घनतेच्या तलावांत, रोज खाद्य मिळत असतानाही, व्हॅनामेईच्या वाढीतला ५३ ते ७७ टक्के वाटा तलावातल्या नैसर्गिक अन्नाचा निघाला. त्याच सुमारास हवाईत दोन हौदांत एकच खाद्य घालून पाहिलं गेलं. एकात विहिरीचं स्वच्छ पाणी, दुसऱ्यात कोळंबीच्या तलावातलं गढूळ, सजीवांनी भरलेलं पाणी. गढूळ पाण्यातली कोळंबी सुमारे दीडपट वेगानं वाढली. ताहितीत फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच सूक्ष्मजंतूंच्या पुंजक्यांवर कोळंबी पोसून पाहिली होती, आणि इस्रायलच्या योराम अवनिमेलेक यांनी पुढं त्याला बायोफ्लॉकचं नीट गणित दिलं. नत्राच्या मानानं कर्बाचं प्रमाण वाढवलं की पाण्यातला अमोनिया जंतू खातात, आणि ते जंतू कोळंबी खाते.

आता वाफशाकडं येते. थायलंडमधल्या शेतकऱ्यांनी तांदळाच्या कोंड्यावर आधारलेली एक रीत बसवली आणि ती आज आपल्या किनाऱ्यावरही रुळते आहे. आंध्रातले लोक तिला नुसतं 'ज्यूस' म्हणतात. कोंडा बारीक दळायचा, पाच ते दहा पट पाण्यात भिजवायचा, बॅसिलस किंवा यीस्टचं विरजण लावायचं आणि दिवसभर हवा देऊन आंबवायचा. आमच्या घरात आंबोळीचं पीठ आंबवणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागलं नाही. वास आंबूस-गोड आला तर बरोबर, घाणेरडा आला तर ओतून द्यायचं. हे आंबवण तलावात थोडं थोडं सोडलं की आधी जंतू वाढतात, मग त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी, मग कोपेपॉड. दोन आठवडे लागतात. माझ्या तलावाला कधी बारा दिवस लागले, कधी अठरा. पावसाळी ढग असतील तर त्याहून अधिक. तेवढे दिवस बीज थांबवायचं. हॅचरीचा फोन येतो, गाडी निघाली म्हणून. गाडी परत पाठवायची तयारी ठेवायची.

वाफसा ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची; ३० ते ४० सेंटिमीटरवर ती दिसेनाशी झाली तर शेवाळ बेताचं आहे. रंग तांबूस हवा, कारण तो डायटमचा. हिरवट-निळसर साय धरायला लागली तर सावध व्हायचं. डायटमला सिलिका लागते, ती कमी पडली की दुसरं शेवाळ जागा बळकावतं. नुसता युरिया फेकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि रात्री काचेच्या ग्लासात पाणी घेऊन बाजूनं बॅटरी लावायची. कोपेपॉड उजेडाकडं धावतात. पांढरे ठिपके झटके देत एका बाजूला गोळा झाले की समजायचं, ताट वाढलेलं आहे.

धोकाही सांगायला हवा. मी स्वतः एका पिकात कोंडा जास्त टाकला. तो तळाशी बसला, कुजला, पहाटे प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला आणि कोळंबी काठाला येऊन तरंगायला लागली. पाण्यात हवा मिसळणारे दोन्ही एरेटर सतत चालवून मी ती वाचवली, पण त्यानंतर आठवडाभर तिनं नीट खाल्लं नाही. कोंडा हे अन्न नाही, अन्नाचं अन्न आहे. आणि ज्याच्याकडं एरेटर आणि ऑक्सिजन मीटर नाही त्यानं जास्त घनतेच्या तलावात हा प्रयोग करू नये.

यापुढं जे सांगायचं आहे ते मला सगळ्यात जिव्हारी लागतं. जिवंत खाद्य चांगलं, हे एकदा पटलं की लोक ते शोधायला निघतात. हॅचरीतल्या माद्यांना चिखलातले कृमी, पॉलीकीट, लागतात. त्यांच्यात अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिडसारखी मेदाम्लं असतात आणि ती मिळाली की अंडाशय भरतो. माकूळ आणि शिंपल्यांनी काम भागतं, पण कृमींइतकं नाही. म्हणून किनाऱ्यावर माणसं ओहोटीला चिखल खणतात आणि किलोवर कृमी विकतात. सांडपाणी कुठलं, शेजारच्या तलावाचं पाणी कुठं सोडलं, कुणी विचारत नाही. याच कृमींच्या पोटात सफेद डागाचा विषाणू आढळला आहे, ईएचपी या सूक्ष्म परोपजीवीचे बीजाणूही आढळले आहेत. ईएचपी कोळंबीला मारत नाही, ती वाढू देत नाही. शंभर दिवस खाद्य घालून हाती दहा ग्रॅमची कोळंबी येते. त्यावर औषध नाही. हवाईसारख्या ठिकाणाहून खात्रीची, रोगमुक्त मादी विमानानं आणायची, चेन्नईला सरकारी विलगीकरणात तिची तपासणी करायची, आणि मग तिच्या तोंडी खाडीतला न तपासलेला किडा द्यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या हॅचरीचं बीज ज्या शेतकऱ्यांनी घेतलं त्यांच्यापैकी दोघांनी त्या वर्षी तलाव मोडून विकले. मला आजही त्यांना तोंड दाखवताना जड जातं, कारण मी त्या हॅचरीत होते आणि गप्प राहिले.

गोठवले म्हणजे निर्धोक झाले, असाही समज आहे. सफेद डागाचा विषाणू गोठवून मरत नाही. उष्णता द्यावी लागते, नाहीतर कृमी बंदिस्त, तपासलेल्या पाण्यात वाढवावे लागतात. थायलंडमध्ये कृमींची शेती होते, युरोपातही होते. कोपेपॉडचंही तसंच. तलावात टाकायला विरजण म्हणून शेजारच्या खाडीतून जाळीनं कोपेपॉड गोळा करणं सोपं आहे, पण तेही विषाणू वाहू शकतात. विरजण एका लहान, झाकलेल्या टाकीत वर्षभर जपावं, त्यातला नमुना पीसीआर रोगतपासणीसाठी पाठवावा, आणि त्याच टाकीतून तलावांना द्यावं. माझ्या बांधावर हजार लिटरच्या दोन टाक्या आहेत. त्यांच्यावर मी जितका जीव लावते तितका तलावावरही लावत नाही.

आजोबांच्या काळी अन्न भरतीबरोबर आपोआप येत होतं, कारण त्या पाण्यात रोग नव्हता आणि तलाव मोजके होते. आज भरतीवर विसंबता येत नाही. म्हणून जितं पाणी आता घडवावं लागेल, पेरावं लागेल.

यासाठी आपल्या किनाऱ्याजवळ एक अशी गोष्ट आहे जिच्याकडं आपण पाठ फिरवून बसलो आहोत. ती म्हणजे मिठागरं. आर्टेमिया खारट सरोवरात आणि मिठागरात राहते. आपल्या मुंबईतल्या वडाळ्याच्या मिठागरात ती सापडल्याची नोंद डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केली. होराइक्थिस हा पारदर्शक इवलासा मासा ज्यांनी जगासमोर आणला तेच हे कुलकर्णी. म्हणजे जी चीज आपण डब्यातून सात समुद्रांपलीकडून मागवतो ती आपल्या दारात होती, आणि ते ओळखणारा माणूसही आपल्यातला होता. त्यानंतर काय झालं? ग्रेट सॉल्ट लेकची पातळी २०२२ मध्ये नोंदींच्या इतिहासात सर्वांत खाली गेली. पाणी इतकं खारट झालं की तिथली आर्टेमिया टिकेल का याची जगभरच्या हॅचऱ्यांना चिंता लागली. आपली मिठागरं मात्र इमारतींसाठी मोजली जाताहेत.

व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाजवळ व्हिन चाऊ नावाचा भाग आहे. तिथले मीठ पिकवणारे शेतकरी गरीब, मिठाला भाव नाही. १९८० च्या दशकात कान थो विद्यापीठानं गेंटच्या मदतीनं त्यांच्या मिठागरांत आर्टेमिया वाढवून पाहिली. कोरड्या हंगामात आर्टेमियाची अंडी काढायची, जिवंत आर्टेमियाही विकायची, आणि मीठही पिकवायचं. आर्टेमिया पाण्यातलं शेवाळ खाऊन टाकते, त्यामुळं मीठही अधिक स्वच्छ निघतं. आज तिथली अंडी जगात चांगल्या दर्जाची म्हणून विकली जातात. आपला मिठाचा हंगामही तसाच कोरडा, डिसेंबर ते मे. पेण, उरण, वसई, पालघरची आगरं तशीच. आगरी समाज हे नावच आगरावरून आलं, असं माझे आजोबा सांगत. मला या व्यासपीठावरून मत्स्य महाविद्यालय, कृषी विद्यापीठ आणि वर्सोव्याच्या मत्स्यकी शिक्षण संस्थेला कळकळीची विनंती करायची आहे: चार आगरांवर, चार कुटुंबांबरोबर, तीन हंगाम हे करून पाहा. फक्त एक पथ्य पाळा. परदेशी जात सोडण्याआधी आपल्या आगरांत मूळची जात अजून शिल्लक आहे का ते तपासा. अमेरिकन जात जगात जिथं जिथं गेली तिथं अनेक ठिकाणी तिनं स्थानिक जातींना हुसकावलं आहे. वडाळ्याची जात आपल्याकडून हरवली असेल तर ती गोष्ट मोठ्या दुःखाची आहे. उरली असेल तर जपायला हवी.

आणखी एक विनंती खाद्यविक्रेत्यांना. तुमचं खाद्य चांगलं आहे, शेवटच्या दोन महिन्यांत त्यावरच आमचं पीक उभं राहतं. पण पहिल्या तीन आठवड्यांचा खाद्यतक्ता पाण्यातलं जिवंत अन्न पाहून बनवा. माझ्या तलावात बीज सोडल्यावर पहिले दहा दिवस मी गोळी खाद्य टाकतच नाही. त्यानंतर खाद्य उरलं का ते दाखवणारा चेक ट्रे आणि पाण्याचा ग्लास दोन्ही पाहून हळूहळू सुरू करते. प्रत्येकानं लगेच असंच करावं, असं सांगणार नाही. एका तलावात करा, बाजूच्यात नेहमीसारखं चालू ठेवा, आणि तीस दिवसांनी दोन्हींत जाळं टाकून स्वतः मोजा. तुमचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा निघाला तर मला कळवा, मी माझी वही दुरुस्त करीन.

आपल्या घरातल्या बायकांबद्दल एक सांगते. तलावावर पुरुष असतात, एरेटर आणि इंजिन त्यांच्याकडं. पण आंबवण, विरजण, टाकीतलं शेवाळ जपणं, रोज थोडं काढून थोडं घालणं, हे काम ज्या हातांनी दह्याचं विरजण पिढ्यान्‌पिढ्या जपलं त्यांना लवकर येतं. माझ्याकडं काम करणाऱ्या तिघी जणी सूक्ष्मदर्शकातून कोपेपॉडची अंडीवाली मादी ओळखतात. त्यांच्यापैकी एकीची शाळा चौथीत सुटली. तिला त्या कामाचा पगार एरेटर चालवणाऱ्याइतकाच मिळतो, आणि तुमच्याकडंही तसाच मिळावा.

उद्या सकाळी तुम्हाला तलाव पाहायला नेणार आहेत. माझी विनंती आहे की त्याआधी आज रात्री नऊला, जेवणं झाल्यावर, ज्यांना शक्य आहे त्यांनी मागच्या तलावाच्या बांधावर यावं. त्यात अजून बीज सोडलेलं नाही, आज त्याला चौदावा दिवस आहे. मी काचेचे वीस ग्लास आणि चार बॅटऱ्या आणल्या आहेत. पाण्याला वाफसा आला आहे की अजून दोन दिवस थांबायचं, ते आपण मिळून ठरवू आणि मग हॅचरीला फोन करू.